डावीकडचं दार

सेकंडहँड ट्रक घ्यायचा म्हणताय ना? मग बसा पाच मिनिटं. लाइट गेलीय, पण कंदील आहे, आणि चहा येतोच आहे. मी सांगणार ते भर दुपारी घडलंय, त्यामुळे अंधाराचं तुम्ही मनावर घेऊ नका.

मी कमलाकांत मेहेर, सातपाटीचा. वडिलांची बोट भावाकडे गेली आणि मी गाडीकडे वळलो. दोन वर्षांपूर्वी बोईसरच्या एका दलालाकडून चौदा फुटी डिझेल ट्रक घेतला. सहा वर्षं वापरलेला, पण टायर चांगले आणि बॉडीला गंज नाही. काम ठरलेलं होतं. दुपारी बोईसरला बर्फाच्या लाद्या भरायच्या, दांडीला बंदरावर पोचवायच्या, येताना मासळी आणायची. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता.

पहिले पंधरा दिवस गाडी वाऱ्यासारखी पळाली. सोळाव्या दिवशी पिकअप गेला.

दांडीच्या अलीकडे मिठागरं लागतात. तिथे खाडीचं पाणी जायला रस्त्याखाली एक मोरी आहे. आजूबाजूला घर नाही, झाड नाही, नुसता पांढरा उजेड आणि चिखलाचा वास. त्या मोरीपाशी गाडी एकाएकी जड झाली. पाय पूर्ण दाबला तरी काटा पाच-सातच्या वर जाईना, मागे काळा धूर. रांगत रांगत दीड किलोमीटर गेलो आणि मग गाडी आपोआप मोकळी झाली, जशी काही खोडी करून गप्प बसलेली.

असं रोज झालं असतं तर बरं होतं. रोजचा बिघाड मेकॅनिकला दाखवता येतो. हा चार दिवस व्हायचा, तीन दिवस गायब. व्हायचा मात्र तिथेच. मेकॅनिककडे नेली की गाडी शहाण्या मुलीसारखी उभी. एकाने सांगितलं, टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, होज पाइप चिरलाय. बदलला. दुसरा म्हणाला, सेन्सर. बदलला. तिसऱ्याने अख्खा टर्बो उतरवून हातात दिला आणि म्हणाला, ह्यात काही नाही, पण तुमच्या समाधानाला नवा टाकू. नवा टाकला. चौथ्या दिवशी मोरीपाशी तेच. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून पाचेक मिनिटं नुसता शिव्या घालत बसलो होतो. टर्बोला, दलालाला, स्वतःला.

इकडे दांडीला बर्फ पोचेपर्यंत वितळायला लागायचा. तिथला बर्फाचा हिशेब पुष्पलताबाई बघायच्या. बंदरावर मासळीचा लिलाव त्यांच्या शब्दावर चालतो. एकदा त्या टोपल्या बाजूला सारून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कमलाकांत, तुज्या लाद्यांचं निम्मं पानी होतं रे. आमी मासली कशात ठेवायची?"

"टर्बोचा प्रॉब्लेम आहे, बाई. आठवड्यात करतो नीट."

"तू तीन महिने आटवडाच सांगतोस. पुनवेपर्यंत बगते. मग दुसरी गाडी लावते."

म्हणून मी बळवंतला धरला. बोईसरमध्ये स्कॅनर लावून काम करणारा तो एकटाच भरवशाचा. कमी बोलतो आणि उगाच पार्ट बदलत नाही. त्याला म्हटलं, गॅरेजमध्ये बघू नकोस, माझ्याबरोबर चल. तो स्कॅनर जोडून डावीकडच्या सीटवर बसला. दुपारचे तीन वाजले असतील. मिठागरांवर माणूस नव्हता.

मोरी आली आणि गाडी बसली.

"पाय हलवू नको," बळवंत म्हणाला. "आहे तसाच ठेव."

मी ठेवला. तो स्क्रीनकडे बघत होता. टर्बोची हवा किती दाबाने चाललीय, तो आकडा तिथे दिसतो. पाय स्थिर असला की आकडा स्थिर राहायला हवा. हा हळूहळू चढत होता, थांबत होता, हळूहळू उतरत होता. पुन्हा चढत होता.

"काय झालं?"

"काही नाही… गाडी बाजूला घे."

मी घेतली.

"आता इंजिन बंद कर. चावी ऑनच राहू दे."

इंजिन थांबलं. लाद्यांचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं, तेवढाच आवाज. बळवंतने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आकडा चढत होता… थांबत होता… उतरत होता. बंद इंजिनात. मी नकळत मोजायला लागलो आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर कळलं की माझा श्वास त्याच्याबरोबर चाललाय. मी तो मुद्दाम रोखला. आकडा थांबला नाही. उलट चढायचा वेग वाढला, एखाद्याला धाप लागावी तसा. केबिनमध्ये चिखलाचा वास भरून आला, खिडक्या बंद असताना.

बळवंतने वायर उपटली. स्कॅनर पिशवीत घातला आणि खाली उतरला.

"बळवंत, अरे निदान सांग तरी, काय बदलायचं?"

"मला नाही समजत," तो म्हणाला. "आणि खोटं सांगून पार्ट बदलायला लावणार नाही." तो उन्हात बोईसरच्या दिशेने चालायला लागला. हाक मारली तरी वळला नाही.

खरं सांगतो, मला तेव्हा भीतीपेक्षा संताप जास्त आला. माणूस किती जागी डोकं आपटणार? घरी येऊन आरसी बुक काढलं. आधीच्या मालकाचं नाव होतं, दिनानाथ राऊत, शिरगाव. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे गेलो.

तिथल्या किल्ल्याच्या पुढे नारळांच्या वाडीत घर होतं. दिनानाथ वर्षापूर्वी वारले होते. त्यांच्या पत्नी हिराबाई ओट्यावर नारळाच्या झावळ्यांचे झाप विणत होत्या. मी ट्रकचं नाव काढलं तसे त्यांचे हात थांबले.

"मोरीवर पिकअप जातो ना?"

मला हायसं वाटलं. कुणीतरी ते माझ्या आधी म्हणालं होतं. "हो वहिनी. त्यांनी काय केलं होतं?"

"ते तिथं थांबायचे. गाडी बंद करायची, डावीकडचं दार उघडायचं, पाच मिनटं गप बसायचं. मग दार लावायचं नि निघायचं. मग गाडी कदी अडली नाय."

"का पण?"

"इचारलं मी. म्हनायचे, गाडीला हवा लागते."

एवढं सोपं असेल तर कोण प्रश्न विचारतो? त्याच दुपारी मी मोरीपाशी थांबलो, डावीकडे वाकून दार उघडलं आणि घड्याळात पाच मिनिटं बघितली. काहीच झालं नाही. दार लावताना ते नेहमीपेक्षा थोडं जड लागलं, इतकंच. गाडी सुटली ती थेट दांडीपर्यंत चौथ्या गियरमध्ये. पुष्पलताबाईंनी लाद्यांवर हात ठेवून बघितला आणि पहिल्यांदा मला चहा विचारला.

मग रोजच मोरीवर पाच मिनिटं दार उघडायला लागलो, आणि तीन महिने असे सुखाचे गेले. मग एक दिवस लादी ओढताना मला थांबावं लागलं. छाती भरून आली होती. वाटलं, वय. मग घराचा जिना चढताना मध्येच टेकायला लागलो. पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुंकर मारायच्या यंत्रात फुंकायला लावलं आणि विचारलं, केमिकलच्या फॅक्टरीत होतात का? मी म्हटलं, उभा जन्म खाऱ्या वाऱ्यात गेलाय. त्यांनी दम्याचा पंप लिहून दिला.

माझी बायको आनंदी त्या रात्री म्हणाली, "तुमी झोपलात नि मी जागी व्हते. तुमी श्वास घेताव, मग थांबताव… लय येळ थांबताव. मना वाटतं, आता घेनारच नाय."

मला एकदम ती स्क्रीन आठवली.

सकाळी शिरगावला पोचलो. हिराबाई मला बघून उठून उभ्या राहिल्या. ओट्याच्या दोन पायऱ्या चढून मला लागलेला दम त्यांनी बघितला होता.

"वहिनी, दिनानाथ कशाने गेले?"

"श्वासानं."

"जुना दमा होता?"

"नाय हो. माडावर चडायचे ते, साठाव्या वर्षी. गाडी घेतली, वर्षभर गाडी अडायची, ते वैतागायचे. मग दार उगडायला लागले. गाडी बरी झाली. त्याच्यानंतर…" मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुमाला सांगायला नको व्हतं. मना वाटलं व्हतं, ते गेले, आता संपलं असंल."

मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि निघालो. त्यांचाच जीव खालीवर होत होता.

त्या दुपारी निघण्याआधी मी डावीकडचं दार लॉक केलं, काच वर केली आणि दुसऱ्या गियरमध्ये मोरीवर आलो. थांबलो नाही. गाडी बसली. वीस, दहा, पाच. माणूस चालत बरोबर येईल इतका वेग. आणि डावीकडच्या दाराचं हँडल खट् करून वर झालं. खाली आलं. पुन्हा वर झालं. रागाने नाही… सवयीने, रोजच्या गाडीत चढणारा माणूस करतो तसं. मी समोर बघत राहिलो. दीड किलोमीटर. मग ते थांबलं आणि गाडी मोकळी झाली.

पुष्पलताबाईंना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हसतील. त्या म्हणाल्या, "बर्फावर भुसा जास्त टाक. गोणपाट मी देते. दार उगडू नको." माझं काम त्यांनी काढून घेतलं नाही, हे मी विसरणार नाही. दोन महिन्यांत माझा दम कमी झाला. पंप अजून खिशात असतो, पण लागत नाही. ट्रक विकायचा विचार आला होता. पण विकायचा कुणाला? घेणाऱ्याला हे सांगितलं तर तो घेणार नाही, आणि न सांगता मला विकवणार नाही. म्हणून गाडी अडेल तेव्हा दीड किलोमीटर रांगायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, टर्बोचा प्रॉब्लेम आहे, सापडत नाही.

आता गेल्या सोमवारचं सांगतो आणि तुम्हाला सोडतो.

मी मोरीच्या अलीकडे होतो. पुढे कामगारांना घेऊन चाललेली एक कंपनीची बस होती. ती मोरीवर थांबली. तिथे कुणी उभं नव्हतं, मी नीट बघितलं. माझी काच खाली होती. बसचा क्लीनर, पन्नाशीचा माणूस, दार उघडून बाहेर झुकला, रिकाम्या रस्त्याकडे बघून हसला आणि हात पुढे केला.

"आओ, अंदर आ जाओ," तो म्हणाला. "दरवाजा बंद करना है."

मग तो जागा करून द्यायला मागे सरकला, आणि त्याने दार ओढून घेतलं. ओढताना त्याला दोन्ही हात लावावे लागले.

बस निघाली. मी श्वास धरून मोरीवर आलो. माझी गाडी अडली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. तिसऱ्या गियरमध्ये मी त्या बसला मागे टाकलं आणि जाताना एकदा वर बघितलं.

खिडकी-खिडकीत माणसं बसली होती. बस पूर्ण भरलेली होती.