शनिवारची सिनावली

शेजारच्या कमलाक्षीमामींचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. विनुता चपला काढून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

टीव्हीसमोर, तिच्याकडे पाठ करून, एक उंच तरुण उभा होता. त्याच्या एका हातात मिटलेली छत्री होती, दुसऱ्या हातात डाळ घोटायची रवी. पडद्यावर नारळीच्या बागेत दोन माणसं काठ्यांनी खेळत होती, आणि हा त्यांच्याबरोबर हवेत वार करत होता... इतका मन लावून, की छत्रीचं टोक भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं आणि कॅलेंडर खाली आलं.

विनुताला हसू फुटलं. तो दचकून वळला आणि ओशाळून तमिळमध्ये माफी मागू लागला. तिनंही तमिळमध्येच, असू द्या, असं सांगितलं. मग कॅलेंडर उचलायला वाकताना तो स्वतःशीच पुटपुटला, "खिळाच ढिला आहे. माझा काय दोष?"

ते मराठीत होतं, तंजावरच्या मराठी घरांत बोलतात तसं.

"खिळा चांगला घट्ट होता," विनुताही मराठीत म्हणाली. "मागल्या महिन्यात मीच ठोकलाय."

तो वाकलेलाच राहिला. मग हळूच मान वर करून त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतका निखळ आनंद होता की विनुतालाच नजर दुसरीकडे न्यावी लागली.

त्याचं नाव प्रणवेश. मामींचा भाचा, जहाजावर इंजिनियर. एक फेरी संपवून आला होता आणि पुढच्या जहाजाचं बोलावणं येईपर्यंत आत्याकडे राहणार होता. त्या वर्षी तंजावरात केबल नवीन होती. सगळ्या गल्लीत ती फक्त मामींकडेच आली होती. विनुता ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शनिवारी अर्धा दिवस शाळा करून ती बसनं परतायची आणि मामींकडे कॉफी प्यायची.

पडद्यावर एक परदेशी तरुण फिलिपीन्सच्या एका बेटावर जाऊन तिथली जुनी काठीविद्या शिकत होता. आर्निस म्हणतात तिला, प्रणवेशनं सांगितलं. गुरू म्हणजे बनियन घातलेले एक मिस्कील आजोबा. दर शनिवारी एक नवा धडा, आणि दर धड्यात त्या परदेश्याच्या बोटांवर काठी बसायचीच. प्रणवेशच्या जहाजावर रोडेल नावाचा फिलिपिनो खलाशी होता. तो संध्याकाळी डेकवर झाडूच्या दांड्यांनी हेच शिकवायचा. थोडंसं शिकवून झालं, आणि एका बंदरावर तो उतरून गेला.

"आजचा धडा सिनावली," तो म्हणाला. "सिनावली म्हणजे विणणं. पण विणायला दोघं लागतात."

पडद्यावरचे आजोबा आपल्या झोपडीची बांबूची भिंत दाखवत होते. पट्टी एकीवरून जाते, दुसरीखालून जाते, तशाच दोघांच्या चार काठ्या... वर, खाली, वर. विनुता पाहत राहिली. तिच्या पायाखाली कोरैच्या गवताची चटई होती. तीही तशीच विणलेली.

"हे तर आमचं कोलाट्टम," ती म्हणाली. "शाळेत मुली टिपऱ्या खेळतात ते."

"कोलाट्टममध्ये कोणी कोणाला मारत नाही."

"तुम्ही आमचा पाचवीचा वर्ग पाहिलेला नाही."

पुढच्या शनिवारी ती येताना शाळेच्या कपाटातून कोलाट्टमच्या लाल-हिरव्या काठ्या घेऊन आली.

मागच्या अंगणात, केळीच्या झाडांशेजारी, त्यांची सिनावली सुरू झाली. ऐप्पसीचे, म्हणजे आश्विन-कार्तिकातले पावसाचे दिवस. दुपारी पाऊस पडून जायचा, फरशी ओली असायची, पानांवरून टपटप थेंब पडत राहायचे. काठ्यांचा आवाज त्यातच मिसळून जायचा. सुरुवातीला चुकून चुकून दोघं बेजार झाली. मग कधीतरी, कुणालाच न कळता, हात आपोआप जायला लागले. वर, खाली, वर... विनुताला वाटायचं, हे तिचे हात नव्हेतच, कुणीतरी तिच्या आतून हलकेच झोका देतंय.

एका धड्यात आजोबा म्हणाले, काठीकडे पाहू नका, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहा. काठी कुठे येणार ते चेहरा आधी सांगतो.

विनुताला ते काही जमेना. ती काठ्यांकडेच पाहायची.

"घाबरता काय?" प्रणवेशनं विचारलं.

"तुमची बोटं मोडतील म्हणून."

"मोडू देत. पाहा तरी."

तिनं पाहिलं. त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब अडकला होता. डोळे हसत होते, पण ओठ नाही. तिचा हात चुकला, काठी खाडकन त्याच्या बोटांवर बसली. तिनं काठ्या टाकून त्याचा हात हातात घेतला... आणि मग दोघांनाही तो सोडायचं सुचेना. आतून मामींनी कॉफी झाल्याची हाक दिली, तेव्हा कुठे तिला भान आलं.

त्यानंतर ती बसमध्ये खिडकीशी बसून भाताच्या हिरव्या शेतांकडे पाहायची, आणि ओरत्तनाडू आलं, हे कंडक्टरनंच तिला सांगावं लागायचं.

एका शनिवारी सिनावली ऐन रंगात असताना फोन वाजला. जहाज कंपनीच्या मद्रासच्या ऑफिसचा होता. प्रणवेश आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. सिंगापूरला जहाज धरायचं होतं. येत्या बुधवारी निघायचं.

विनुतानं काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या आणि घरी जाते म्हणाली.

तिच्या घरी जहाज हा शब्दच कुणी काढत नसे. अप्पांचे, म्हणजे तिचे वडील सेतुमाधवराव यांचे, थोरले भाऊ तुळजाराम तरुणपणी नागपट्टणमहून जहाजानं मलायाला गेले, ते परत आलेच नाहीत. ना निरोप, ना खबर. आजी शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून जेवायची, हे विनुतानं लहानपणी पाहिलं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. अप्पा आणि ती. जहाजावरच्या मुलाचं नाव अप्पांसमोर कसं काढायचं?

सोमवारी मामी देवदर्शनाला तिरुवैयारूला निघाल्या आणि विनुताला शाळेतून दोन दिवसांची रजा काढायला लावून दोघांनाही बरोबर घेऊन गेल्या. मामींना सगळं दिसत होतं. त्या बोलत मात्र काही नव्हत्या. देवळात त्यांनी अंमळ जास्तच प्रदक्षिणा घातल्या. ही दोघं घाटाच्या पायरीवर बसली. कावेरी भरून, सावकाश वाहत होती.

"विचारणार होतो," प्रणवेश म्हणाला, "माझी वाट पाहाल का म्हणून. पण ते विचारणं बरोबर नाही. वर्ष जातं माझं तिकडे."

विनुतानं पायरीवरचं एक ओलं पान उचलून पाण्यात सोडलं.

"वाट मी पाहणार नाही," ती म्हणाली. "माझ्या आजीनं पाहिली, तेवढी पुरे. मी शाळेत जाईन, अप्पांना पाहीन, हसेन, जेवेन. तुम्ही याल तेव्हा मी इथं असेन. आणि मला तुम्हीच हवे आहात... हे मला आजच सांगायचं होतं, तुम्ही गेल्यावर नाही."

प्रणवेशनं मान हलवली, दोन-तीनदा. मग म्हणाला, "अप्पांशी मी बोलतो."

"नाही. ते मी बोलते."

त्या संध्याकाळी तिनं अप्पांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, जहाजही नाही. अप्पा दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसले होते, हातातला पंखा थांबला. अखेर एवढंच म्हणाले, "माझ्या भावानं जाताना आम्हाला काही सांगितलं नव्हतं." आणि उठून आत गेले. विनुताची त्या रात्री झोप उडाली. हा होकार की नकार, ते तिला कळेना.

सकाळी अप्पांनी धुतलेली पांढरी वेष्टी नेसली, अंगवस्त्र घेतलं आणि ते स्वतः मामींच्या दारात जाऊन उभे राहिले. प्रणवेश घाईघाईनं बाहेर आला. अप्पांनी त्याला नीट निरखून पाहिलं.

"उद्या निघताय असं कळलं. आज दुपारी आमच्याकडे जेवायला या," ते म्हणाले. "आत्यालाही आणा."

विनुतानं वांगीभात केला, चिंचेचं अंबट केलं, दह्यातली डांगर पच्चडी केली. केळीच्या पानावर प्रणवेश खाली मान घालून जेवत होता. समोर अप्पा, बाजूला मामी. मग अप्पांनी त्याला विचारलं, जहाजावरून फोन करता येतो का. बंदरावर उतरलं की येतो, तो म्हणाला.

"मग दर बंदरावरून करा," अप्पा म्हणाले. "आमच्याकडे फोन नाही. कमलाक्षीबाईंकडे करा, मी येऊन बसेन. आणि परत आलात की आधी या घरी या."

प्रणवेशनं मान वर केली. विनुता भाताचं भांडं घेऊन त्याच्या पानाशी वाकली.

"आणखी घे," ती म्हणाली.

घ्या नाही... घे. सगळ्यांसमोर.

मामींचा घास हातातच राहिला. अप्पांनी पच्चडीत बोट बुडवलं, आणि मिशीतल्या मिशीत हसत पानावर वाकले. प्रणवेशचे कान लाल झाले होते. त्यानं पान थोडं पुढं सरकवलं.

"वाढ," तो म्हणाला.