सालईटोल्याची लाइन मोकळी नाही

पायल अजून आली नव्हती, म्हणून रविंद्र लेकीची वाट बघत सालईटोल्याच्या बंद स्टेशनापर्यंत गेला. दिवस मावळत होता. फोन लागत नव्हता.

नागपूरहून निघणाऱ्या छोट्या लाइनवरचं हे स्टेशन. मोठी लाइन टाकायची म्हणून गाडी बंद केली, आणि मोठी लाइन काही कोणी टाकली नाही. आधी रूळ गेले, मग दारं-खिडक्या, मग फलाटावरचा नळसुद्धा. रुळांच्या जागी मुरूम पसरला आणि त्यालाच रस्ता म्हणायचं ठरलं. सीताबर्डीतल्या दुकानातून सुटली की पायल स्कुटीनं त्याच रस्त्यानं यायची.

"त्या रस्त्यानं येऊ नको वं," रविंद्र रोज सांगायचा. तो इथला पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलणारा.

"काहून? रूळ तं भंगारात गेले. गाडी काय हवेतून येईन?"

"लाइन मोकळी नाही, पोरी."

एकेरी लाइनवर, पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून स्टेशनातून मिळणारा, वेताच्या कड्याला लावलेला लोखंडी गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नसे. तो गोळा पुढच्या स्टेशनावर जमा होईपर्यंत गाडी वाटेतच आहे, असं धरायचं. गाडीच्या शेवटच्या दिवशी बँड वाजला, हार पडले. रविंद्र सवयीनं हात पुढे करून उभा राहिला, आणि ड्रायव्हरनं रिकामे हात दाखवले. फोटोसाठी इंजिनात चढलेल्या पुढाऱ्यानं कडं-गोळा आठवण म्हणून खांद्याला अडकवला होता. घरच्या काचेच्या कपाटात ठेवायला. गोळा जमा झाला नाही म्हणून रविंद्र भांडला. लोक हसले. "आता कोणती गाडी येते गा, बुढ्या?"

किड्यांची किरकिर एकदम थांबली.

लांबून शिटी आली. बारीक, छोट्या गाडीचीच. मागोमाग तापलेल्या लोखंडाचा, जळक्या तेलाचा वास. पायाखालचा मुरूम थरथरू लागला. रस्त्यावर अंधार भरत होता आणि पायल त्याच रस्त्यावर होती.

रविंद्रला एकच काम येत होतं. फलाटाच्या कडेला जाऊन त्यानं डावा हात लांब केला. गोळा मिळाला की लाइन मोकळी, पोरीची वाट मोकळी...

कोपरावर फटका बसला. कडं सरकत खांद्यापर्यंत आलं. गरम होतं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आलेला गोळा घेतला आणि पुढचा दिला नाही, तर गाडी पुढे जात नाही. उभी राहते. आणि गाडी उभी राहिली की लोक उतरतात.

ब्रेकचा लांब उसासा फलाटभर पसरला. मग चपलांचे आवाज. बोचक्यांचे, डब्यांचे. दिसत कोणीच नव्हतं. छोट्या स्टेशनावर तिकिटं गोळा करायचं कामही त्याच्याकडेच असायचं. तळहात आपोआप उघडला.

गर्दीच्या आवाजातून पायल चालत आली. ओढणी चिखलानं भरलेली.

"स्कुटी कुठाय?"

"नाल्यात... पुलापाशी." ती दमलेली होती, रोजच्यासारखीच. "मंग गाडी आली ना, बाबा. बसले."

त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "घरी चाल. मांय वाट पाहून राहिली."

"येतो ना."

मोकळ्या हातानं तिनं त्याच्या तळहातावर पुठ्ठ्याचं तिकीट ठेवलं.

"परतीचं अर्धं फाडून मले वापस द्या, बाबा," ती हळूच म्हणाली. "जायचं-यायचं काढलं हाय."