धाकटीच्या डोक्यावरचा क्रॉस

ऋजुता, उद्यापासून हे काम तुझं, किल्लीही तुझ्याकडे. पण आधी दिवा जरा जवळ आण. धाकटीचा चेहरा नीट बघून घे.

त्या सोमवारी मी रोजच्यासारखीच आले होते. जुनी चित्रं साफ करणं हा आपला धंदा. हॉलंडमधल्या कापेल गावच्या या छोट्या चर्चमधलं, वेदीमागचं हे पाचशे वर्षांचं चित्र माझ्या वाट्याला आलं होतं. मध्ये मेरी, दोन्ही बाजूंना कपाटाच्या दारांसारख्या फळ्या. डावीकडे हे चित्र करवून घेणारा व्यापारी, सहकुटुंब गुडघे टेकून. घरातलं कुणी गेलं की त्याच्या डोक्यावर लहानसा लाल क्रॉस काढायची तेव्हा रीत होती. धाकट्या मुलीच्या डोक्यावर तो होता.

माझी आर्या तेव्हा आयसीयूत होती. आधी ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगून घरी धाडलं होतं. सकाळी मी तिच्या गालावर काजळाची तीट लावली. नर्स बघतच राहिली. श्रीहर्ष म्हणाला, "मी आहे तिच्यापाशी. तू कामावर जा, इथे बसून वेडी होशील."

दुपारी त्याचा फोन आला.

"मेधा... ये आता. डॉक्टर म्हणतायत, बोलवून घ्या."

रंग पुसायच्या सॉल्व्हंटचा बोळा हातात तसाच होता. आपण देव दिसला की नवस बोलतो, देव कुणाचा हे कोण विचारतं? मी धाकटीला म्हणाले, "बाई, तुला सोडवते. माझ्या लेकीला सोड." आणि क्रॉस पुसला. इतका जुना रंग, पण ओल्या कुंकवासारखा बोळ्यावर आला. बंद चर्चमध्ये कुणीतरी खोल श्वास घेतला. मी एकटीच होते गं.

हॉस्पिटलात पोचले, तर आर्या उठून बसलेली! आम्ही दोघं ढसाढसा रडलो. तिचा गाल स्वच्छ होता. मला वाटलं, नर्सने तीट पुसली असेल.

घरी आल्यापासून ती भाताला शिवत नाही. 'आई' म्हणत नाही. कोपऱ्यात गुडघे टेकून, हात जोडून बसते. डच बोलते, ते काय, इथली सगळीच मुलं बोलतात. पण तिचं डच शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनाही कळत नाही.

"आजारातून उठलीय, होईल नीट," श्रीहर्ष म्हणतो आणि तिला मांडीवर घेतो. बिचारा सुखात आहे.

आता इथे बघ. बाकी सगळे मेरीकडे बघतायत. धाकटीने मान इकडे वळवलीय... आणि गालावर काळा ठिपका आहे ना? मी हुंगून बघितलाय. आमच्या घरचं काजळ आहे ते, तुपातलं.

रोज सकाळी तिच्या डोक्यावर लाल उमटतं. मी रोज पुसते. काल दोनदा पुसावं लागलं. उद्यापासून मला आत सोडणार नाहीत, म्हणे माझी तब्येत बरी नाही... तू पुसशील ना, ऋजुता? एक दिवसही चुकवू नकोस गं.

थांब... दिवा वर धर. आपण बोलत होतो, तेवढ्यात...

बोट लाव. ओलं आहे.