रिकामा खिळा

"अहो, दुसरं काही काम नाही का तुम्हाला? भर सकाळी माश्या काय मारत बसलात!"

पद्मजाने खिडकीतून असं विचारलं आणि बाहेर जाळी घेऊन उभा असलेला तरुण इतका दचकला, की त्याच्या बरणीतल्या निम्म्या माश्या भुर्रकन उडून गेल्या.

"मारत नाही, पकडतोय," तो म्हणाला. "मेलेल्या चालत नाहीत."

"आणि जिवंत धरून काय करता? लोणचं घालता?"

"तपासतो. त्याचाच पगार मिळतो मला."

बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीपलीकडे मी तिसरीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते. मला हसू आवरेना. मी सुहासिनी. कडक बाई म्हणून बदनाम होते, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. मरोळच्या वाटेवर, म्हशींच्या तबेल्यांमागे आमची दोन खोल्यांची शाळा होती. इकडे माझी तिसरी, तिकडे पद्मजाची पहिली, आणि मधे तो तट्ट्या. तिकडे कुणी कुजबुजलं तरी इकडे ऐकू यायचं. म्हणून तर ही गोष्ट मला अथपासून इतिपर्यंत ठाऊक आहे.

छप्पन-सत्तावन्न साल असेल ते. माशीवाले निघाले डॉक्टर जयवंत राणे, राहणारे घाटकोपरचे, मूळ मालवणकडचे. सरकारने त्यांना खुपऱ्यांच्या संशोधनासाठी पाठवलं होतं. खुपऱ्या म्हणजे पापणीच्या आत साबुदाण्यासारखे दाणे येतात, डोळे सुजतात, चिकटतात. दुर्लक्ष झालं तर पुढे बुबुळावर फूल पडतं आणि माणूस आंधळा होतो. हा रोग माशी पसरवते की आणखी काही, ते त्यांना शोधायचं होतं.

त्यासाठी आधी पोरांच्या पापण्या उलटवून बघायला हव्यात. नुसतं ऐकूनच पहिलीच्या वर्गात रडारड सुरू झाली. शेवंती नावाची एक चिमुरडी तर टेबलाखाली शिरून बसली. अनंता म्हणून तबेल्यात शेणघाण काढणारा गडी होता, त्याची ही मुलगी. पद्मजाची सावलीच म्हणा ना.

"शेवंते, बघ हं," पद्मजा म्हणाली. "डॉक्टर आधी माझा डोळा बघणार आहेत. दुखलं तर आपण दोघी मिळून त्यांना हाकलून देऊ."

ती खुर्चीत बसली. डॉक्टर भिंग घेऊन समोर वाकले. मी दारात येऊन उभी होते, उगाच खोटं कशाला बोलू!

"वर बघा… नाही, खाली… खाली बघा."

"नक्की कुठे बघू? आणि तुमचा हात का थरथरतोय? डोळा माझा आहे ना?"

"म्हणून तर…" डॉक्टर पुटपुटले, आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं. "स्वच्छ आहे. अगदी स्वच्छ डोळा आहे."

एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. मग मात्र पोरं एकेक करून पुढे आली. शेवंतीसुद्धा आली.

पद्मजाची एक रीत होती. तबेल्यातली, पाड्यावरची पोरं सकाळी उठून तशीच शाळेत यायची, डोळे चिपडांनी चिकटलेले. आया पहाटेच कामाला गेलेल्या, तोंड धुणार कोण? पद्मजा त्यांना दारात ओळीने उभं करायची, तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवायची आणि एकेकाचे डोळे हलक्या हाताने पुसायची. मगच प्रार्थना. शेवंती मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उभी राहायची. शेवटच्या पोराच्या गालावर बाईंचा हात जरा जास्त वेळ राहतो, हे त्या पोरीने बरोबर हेरलं होतं.

माझ्याकडे असले लाड नव्हते. कुणी चिपडं घेऊन आलं की मी ओरडायची, "नळावर जा, तोंड धू, मग आत पाऊल टाक!" पोरं मला घाबरायची आणि पद्मजाच्या गळ्यात पडायची. मनातल्या मनात मला तिचा हेवाही वाटायचा, आता सांगायला काय हरकत आहे!

डॉक्टरांनी तबेल्यांभोवती डीडीटीची फवारणी करून घेतली. माश्या कमी झाल्या. माझ्या वर्गातल्या खुपऱ्याही कमी होत गेल्या. पद्मजाच्या वर्गातल्या मात्र वाढतच होत्या. डॉक्टर चक्रावले आणि रोज सकाळी येऊन तिच्या वर्गात मागच्या पाटावर बसायला लागले.

"डॉक्टर, माश्या छपराला आहेत," एकदा पद्मजा म्हणाली. "माझ्या पदरावर नाहीत."

"हो… नाही… म्हणजे… बघत होतो जरा."

"ते दिसलंच मला."

त्या दिवशी अंधेरीला घरी परतताना मी तिला चिमटा काढला. "पद्मे, प्रकरण झकास रंगतंय हं!"

"गप्प बस गं! काहीतरीच तुझं!" पण दुसऱ्या दिवशी बाईसाहेब आंबा रंगाची नवी साडी नेसून हजर. श्रावणातलं ऊन पडलं होतं, वर बारीक पाऊसही होता, आणि हिचं गाणं काही थांबत नव्हतं. डॉक्टरांनी तिच्यासाठी सोनचाफ्याची दोन फुलं आणली होती. ती देण्याचं धैर्य झालं नाही म्हणून माझ्याच टेबलावर ठेवून गेले. मी ती पोचती केली, दुसरं काय करणार!

आठवडाभराने डॉक्टरांनी मला नळापाशी गाठलं. चेहरा उतरलेला.

"सुहासिनीबाई, तुमच्या वर्गात पोरांचे डोळे कोण पुसतं?"

"कुणी नाही. ज्याचे त्याने धुवायचे."

"आणि पद्मजाबाईंच्या…"

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. तोच पदर, तेच टोक, तोच तांब्या. पहिल्या पोरापासून शेवटच्या पोरापर्यंत. आणि शेवटी कोण उभी असते? अरे देवा!

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"चार दिवस झाले. सांगायला म्हणून येतो, आणि त्या हसतात, मग… बाई, तुम्ही सांगाल का?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "तुमचा जीव जडलाय ना तिच्यावर? मग हे तुम्हीच सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर ती तुम्हाला कधी माफ करणार नाही. आणि आजच सांगा. उद्या सकाळी पुन्हा ओळ लागेल."

शाळा सुटल्यावर त्यांनी सांगितलं. मी तट्ट्याच्या अलीकडे श्वास रोखून बसले होते. डॉक्टर एकही शब्द फिरवून बोलले नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. मग म्हणाले, "तुमचा डावा डोळा लाल दिसतोय. बघू?"

पुन्हा तीच खुर्ची, तेच भिंग. या वेळी थट्टा नव्हती. पापणीच्या आत दाणे होते.

"माझं जाऊ दे," पद्मजा म्हणाली. "शेवंतीचा डोळा? तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसतंय म्हणते ती."

"त्यात फूल पडायला लागलंय."

"माझ्यामुळे?"

"मुळात तिला कुठून लागलं, ते कुणालाच सांगता येणार नाही. माशी असेल, घरातलं फडकं असेल. पण… पदराने पसरलं आणि पुन्हापुन्हा लागत राहिलं, हे खरं आहे. मी खोटं नाही सांगणार तुम्हाला."

मग तिचं रडू ऐकू आलं. तोंडात पदर कोंबून रडत होती बिचारी. मधेच बहुधा तो पदर असल्याचं ध्यानात आलं, कारण एकदम थांबली.

"पद्मजाबाई, मला आणखी एक गोष्ट…"

"नको डॉक्टर. आज नको… कधीच नको. ज्या हाताने त्या पोरीचा डोळा घालवला, तो हात कुणाच्या घरात नेऊ मी? माझ्या पोटी उद्या लेकरं झाली तर त्यांना शिवू कशी?"

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात आले, आणि पहिलीची पुरती वाट लागली. डॉक्टर मलम घेऊन आले की पोरं पळत सुटायची, कुणी तबेल्यात गवताच्या गंजीत लपायचं. ऑरिओमायसिनचं ते मलम रोज डोळ्यांत गेलं तरच उपयोग. शेवंतीने तर डॉक्टरांच्या हाताला कडकडून चावा घेतला. "मला बाईच पाहिजेत," एवढंच बोलायची. तिचा उजवा डोळाही आता लाल दिसायला लागला होता. कडक बाई काय कामाची? माझ्या धाकाने पोरं तोंड धुतील, पण डोळा उघडा ठेवतील का?

रविवारी मी डॉक्टरांना घेऊन पद्मजाच्या घरी अंधेरीला गेले. तिचे वडील श्यामकांतराव वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे तोंडासमोर धरून बसले होते. पान काही उलटलं नाही. पद्मजा आली, पदर कमरेला गच्च खोचलेला, डोळ्यांत मलमाची चमक.

"पद्मजाबाई, मी माझ्यासाठी आलेलो नाही," डॉक्टर म्हणाले. "शेवंतीचा डावा डोळा पूर्ववत होणार नाही. उजवा अजून हातात आहे. पण ती मला डोळा उघडू देत नाही. माका… मला जमत नाही ते."

"मला भीती वाटते माझ्या हाताची."

"हाच हात लागेल तिला. फक्त दर पोरामागे साबणाने धुतलेला."

"आणि तिने विचारलं, बाई, माझा डोळा कशाने गेला… तर?"

डॉक्टर खाली मान घालून चपला घालायला लागले. तेव्हा वर्तमानपत्रामागून श्यामकांतराव बोलले, "खरं सांगायचं, पोरी. या डॉक्टरांनी तुला सांगितलं तसं."

सोमवारी पद्मजा आली. हातात गाठोडं, त्यात धुवट सुती कापडाचे चौकोनी तुकडे. आंबा रंग! ती नवी साडी तिने फाडली होती. पोरांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येक तुकड्यावर वेगळी खूण भरलेली. कुणाला पतंग, कुणाला छत्री, कुणाला म्हशीचं शिंग. ज्याचा त्याचा रुमाल, ज्याचा त्याचा खिळा. तिने स्वतः भिंतीवर खिळे ठोकले. सगळे रुमाल लावून झाल्यावर टोकाला एक खिळा उरला.

"हा कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

पोरं दारात ओळ लावून उभी राहिली. शेवंती सवयीप्रमाणे शेवटी. तिने मान वर केली, डोळे मिटून घेतले. पद्मजाचा हात आपसूक कमरेच्या पदराकडे गेला… आणि थांबला.

"बाई, पुसा ना पदराने."

"नाही बाळा. माझ्या पदराने तुझा डोळा बिघडला. आता तुझ्या फुलाचा रुमाल तुझ्यासाठीच." तिने हात धुतले, शेवंतीच्या फुलाची खूण असलेला रुमाल काढला. पोरीने तो वास घेऊन बघितला, बाईंकडे बघितलं आणि गाल पुढे केला. मलम घालताना ती हललीसुद्धा नाही.

तेव्हापासून दिवसातून दोनदा हेच. साबणाने पद्मजाच्या बोटांना भेगा पडल्या. माझ्या वर्गालाही मी रुमाल करायला लावले, कडक बाईने शिकू नये असं थोडंच आहे! डॉक्टर रोज येत, पोरांना तपासत, पद्मजाच्या डोळ्यांत मलम घालत. मी राखणीला बसलेली असायची. दोघं कामापुरतंच बोलायची. पण जाताना डॉक्टरांची नजर त्या रिकाम्या खिळ्यावर हमखास जायची, आणि पद्मजा तेव्हा नेमकी फळा पुसत असायची.

"कुणाचं नाव लागणार आहे का तिथे?" एकदा न राहवून त्यांनी विचारलं.

"घाई काय आहे, डॉक्टर? माश्या धरायला जाता तेव्हा किती वेळ गप्प उभे राहता तुम्ही!"

होळीच्या सुमारास शेवटची तपासणी झाली. पोरांच्या पापण्या गुळगुळीत निघाल्या. पद्मजाचीही. शेवंतीला डॉक्टरांनी दोनदा तपासलं, तिला खिडकीबाहेरची म्हैस दाखवली, लांबच्या टेकडीवरचं झाड विचारलं. उजव्या डोळ्याने तिने सगळं धडाधड सांगितलं. डाव्यात पांढरं फूल होतं, ते तसंच राहिलं. पद्मजाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला वाटतं, त्या डाव्या डोळ्याचं ओझं तिने तेव्हाच जन्मभरासाठी उचललं.

पोरं घरी पळाली. मी माझ्या बाजूला पिशवी भरत होते, सावकाश, मुद्दाम.

"पद्मजाबाई… खिळ्यावर रुमाल आहे," डॉक्टरांचा आवाज आला.

मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला, म्हणजे लावलाच! शेवटच्या खिळ्यावर आंबा रंगाचा तुकडा होता. त्यावर काळ्या दोऱ्याने, पायांसकट, पंखांसकट, एक माशी भरलेली.

"हा कुणाचा?"

"आहे एक माणूस," पद्मजा म्हणाली. "त्याला दुसरं काही काम नाही. एक गोष्ट सांगायची राहिली होती त्याची… मीच सांगू दिली नाही."

"आता सांगितली तर?"

"आता हात धुतलेत मी."

पापणी उलटवणारा एवढा मोठा माणूस, डोळे भरून नुसता उभा. पद्मजाचा हात पदर घेऊन त्यांच्या गालापर्यंत गेला… आणि तिथेच थांबला. तिने पदर पुन्हा कमरेला खोचला, खिळ्यावरून रुमाल काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुमचे तुम्ही पुसा," ती म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "आपल्या घरात हाच नियम राहील."