चाळीस उत्तम आणि एक फूम

भाताच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे ख्वानच्या लक्षात आलं की घरात केव्हाचं चिडीचूप आहे.

पहाटेचे साडेपाच. उत्तर थायलंडमधल्या फायाओच्या तळ्यावरून चढलेलं धुकं खिडकीच्या जाळीला येऊन टेकलं होतं. आतल्या खोलीत पाच वर्षांची बैतोंग गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. आणि टेबलावर निळ्या तक्त्यांचा गठ्ठा... तो मात्र टक्क जागा!

ख्वान विद्यापीठात अध्यापन सल्लागार होती. म्हणजे दुसऱ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि शिकवणाऱ्याला चांगलं शिकवायला मदत करायची. निदान नेमणुकीच्या पत्रात तरी तसंच लिहिलं होतं. पत्रात नव्हते ते हे तक्ते. एका वर्गाचा एक तक्ता, त्यात एकवीस चौकटी, खाली सही, आणि सगळं गुणवत्ता तपासणीच्या फायलीत. चौकटीत काय लिहायचं ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं – 'उत्तम'. रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाला, त्यातून वयाने मोठ्या माणसाला, 'ठीक' म्हणायची कुणाची छाती होणार? भीड पडायचीच. खरं काय ते ती एका तपकिरी वहीत लिहायची आणि नंतर दोघंच असताना, नूडलच्या वाडग्यावरून, हळूच सांगायची. ही वही कुणाच्या हाती पडणार नाही, असा तिने प्रत्येकाला शब्द दिला होता. त्या शब्दावरच तर लोक तिला वर्गात येऊ देत.

गठ्ठा सात वाजेपर्यंत कार्यालयात पोचायला हवा होता. ती मोबाइलवर एकेका तक्त्याचा फोटो काढत सुटली.

"आई... माझा एक मोजा हरवला."

"पलंगाखाली बघ, राणी."

"तिथे अंधार आहे. तू बघ."

एका हातात मोजा, एका हातात मोबाइल, भात खाली करपतोय... तिने उरलेले फोटो कसेबसे काढले आणि सगळे एकदम पाठवून दिले. गठ्ठ्याखाली तपकिरी वही उघडी पडली होती. शेवटचा फोटो तिचाच निघाला, हे ख्वानला चार दिवसांनी कळलं.

त्या पानावर फूम होता.

*

फूम तिला भेटला तो चुकूनच. दोन महिन्यांपूर्वीचा, नोव्हेंबरातला मंगळवार होता. आचान प्रासेत यांचा – शिकवणाऱ्याला तिथे आचान म्हणतात – तास ऐकायला म्हणून ती धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली, मागच्या बाकावर बसली आणि वही उघडली. समोर एक उंच, काटकुळा तरुण फळ्याकडे तोंड करून मातीच्या थरांविषयी पुटपुटत होता. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, ख्वान दिसली, आणि त्याच्या हातातला खडू पडला. तो उचलला, तर परत पडला.

तास संपला. पोरं पसार झाली. तो हळूहळू तिच्या बाकाशी आला.

"आचान... माझं नाव यादीत होतं?"

"अर्थात. तुम्ही आचान प्रासेत ना?"

"आचान प्रासेत समोरच्या इमारतीत असतात." तो जरा थांबला. "त्यांचं वय अठ्ठावन्न आहे."

ख्वानने तोंडावर वही धरली. वहीआडून तिला त्याचं हसू ऐकू आलं – आधी दबकं, मग मोकळं. तिने वही खाली घेतली, आणि... बरं झालं असतं, घेतली नसती तर. त्याच्या डाव्या गालावर ही एवढी खळी पडली होती.

"मी फूम. मृदाशास्त्र. एक वर्षाच्या करारावर." मग त्याने असं काही विचारलं, जे सहा वर्षांत तिला कुणीच विचारलं नव्हतं. "आता बसलाच होतात, तर खरं सांगाल? उत्तम-बित्तम नको."

"खरं?"

"खरं."

"तुम्ही फळ्याला शिकवता. फळा पहिल्या वर्गात पास होईल. पोरांचं काही सांगता येत नाही."

त्याला लागलं असेल असं तिला वाटलं. तो मात्र समोरच्या बाकावर उलटा बसला. "मग पोरांना कसं शिकवायचं?"

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी रिकाम्या वर्गात दोघांची शाळा भरू लागली. ती शेवटच्या बाकावर बसायची, तो फळ्यापाशी उभा राहून बोलायचा.

"ऐकू येत नाही!" ती ओरडायची.

"मी म्हटलं, आज तुम्ही छान दिसताय!"

"हे बरं मोठ्याने येतं!"

"सरावाचा परिणाम, ख्वान."

ख्वान. नुसतं ख्वान. आपल्यापेक्षा थोराला 'पी' म्हणायचं, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. तो तिच्याहून चांगला चार वर्षांनी लहान होता. पहिल्यांदा तिला वाटलं, विसरला असेल. दुसऱ्यांदा वाटलं, टोकावं. तिसऱ्यांदा... तिसऱ्यांदा ती मंगळवारची वाट पाहत होती.

एकदा तो वर्गात मातीची दोन घमेली घेऊन आला. तिने त्याला नुसतं एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला स्वतःला माती कधी आवडायला लागली?" तो म्हणाला, "हातात घेतली तेव्हा." आणि आपल्याच तळहाताकडे पाहू लागला. पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गात चाळीस पोरं ओली माती अंगठ्याने दाबून तिच्या लांब पट्ट्या काढत होती. कुणाची पट्टी लांब, कुणाच्या मातीत चिकण जास्त, यावर भांडत होती. आणि तो भांडणं सोडवत बाकांमधून फिरत होता. फळ्याकडे त्याची पाठ होती. दारातून पाहणाऱ्या ख्वानला एकाएकी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं.

*

"ये ख्वान. बस. चहा घे."

आचान विलाई, उपअधिष्ठाता, चहा स्वतः ओतून देत तेव्हा समोरच्याने घाबरायचं असतं. त्यांनी एक कागद टेबलावरून पुढे सरकवला.

"अक्षर तुझंच ना?"

तपकिरी वहीतल्या पानाचा छापील फोटो होता. 'फूम, मृदाशास्त्र. विषय पक्का. आवाज चौथ्या रांगेपलीकडे जात नाही. वर्गाला घाबरतो. हात थरथरतात, खडू दोनदा पडला.' आणि खाली एक ओळ, रेघ मारून खोडलेली. खोडलेली होती म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या समितीने तीच आधी वाचली असणार. 'हसला की डाव्या गालाला खळी पडते.'

ख्वानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भांड्यावरच्या झाकणासारखं आतून काहीतरी खडखडलं.

"खळीवर समितीचा आक्षेप नाही," विलाई चष्मा पुसत म्हणाल्या. "पण चाळीस जण उत्तम आणि हा एकटा घाबरट. या महिन्यात करार वाढवायचेत. कुणाचा वाढवू नये असं समितीला वाटेल, सांग बघू?"

"पण हे पहिल्या दिवसाचं आहे, पी! आता तो –"

"मग सोपं आहे." विलाईंनी एक कोरा निळा तक्ता आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. "एकवीस वेळा उत्तम लिही. हे पान मी पाहिलंच नाही."

दोन मिनिटांचं काम. ख्वानने पेन उचललं. पहिल्या चौकटीवर टेकवलंसुद्धा. दोन महिने रिकाम्या वर्गात घसा फोडणारा फूम तिच्या डोळ्यांपुढे आला. हे लिहिलं की तोही इतरांसारखाच होणार होता... ज्याला कुणी कधी नीट ऐकलंच नाही असा एक्केचाळिसावा माणूस.

तिने पेन खाली ठेवलं.

"पी, त्या चाळीसांत खरं काही नाही. मी भिडेखातर भरलेत. निम्म्या वर्गांत तर दहाच मिनिटं बसले... बाकीचा वेळ पुढचे तक्ते भरण्यात गेला. खरं पान हे एकच आहे, आणि तेही शिळं झालंय. समितीने त्याच्या वर्गात येऊन बसावं."

विलाईंनी कोरा तक्ता परत खणात ठेवला.

"लेखी देशील?"

"देईन."

"तुझी नेमणूकही मार्चपर्यंतच आहे हो."

आवारातलं घर, बैतोंगची बालवाडी, मोज्यांचा खण... सगळं एका क्षणात तिच्या मनातून सरकून गेलं.

"माहीत आहे, पी," ती म्हणाली.

फूमला सांगणं त्याहून कठीण गेलं. तो प्रयोगशाळेमागे घमेली धूत होता. तिने एका दमात सांगून टाकलं – पान, फोटो, समिती गुरुवारी त्याच्या वर्गात येऊन बसणार तेही.

"वही कुणाला दाखवणार नाही म्हणाला होतात."

"हो."

"सगळं पान गेलं?"

"...सगळं."

त्याने घमेलं पालथं घातलं. हात पँटला पुसले. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "बरं, पी ख्वान."

पी! इतके दिवस न म्हटलेला तो एवढासा आदर... थंडगार पाण्याचा तांब्या कुणी पाठीवर ओतावा तसा तिला लागला.

*

गुरुवारी आचान विलाई आणि समितीचे दोघे मागच्या बाकावर बसले. ख्वान दाराबाहेर उभी राहिली. आत जायचं धाडस होईना आणि पायही निघेनात.

पहिली दोन मिनिटं आतून काहीच ऐकू आलं नाही. तिने मुठी आवळल्या. फळा नको, फूम, फळा नको...

"पाहुण्यांसह सगळ्यांनी बाह्या वर करा!"

शेवटच्या बाकापलीकडे, दाराबाहेर, जिन्यापर्यंत आवाज पोचला.

"मीसुद्धा?" विलाईंचा आवाज. "रेशमी आहे रे ही बाही."

"मातीला रेशमाचं वावडं नाही, आचान. घ्या, अंगठ्याने दाबा... हळू. पट्टी लांबली पाहिजे. अरे वा! आचानची सगळ्यांत लांब!"

वर्ग हसला. थोड्या वेळाने विलाई हसल्या. ख्वानने भिंतीला डोकं टेकवलं.

तास संपला तेव्हा फूम तिच्या अंगावरूनच गेला. थबकला. काहीतरी बोलणार होता... पण मागून विलाई आल्या आणि त्याला कार्यालयात घेऊन गेल्या.

शुक्रवार गेला. त्याचा ना फोन, ना निरोप.

*

शनिवारी दुपारी फाटकाची कडी वाजली. भाजलेल्या रताळ्यांची गरम पिशवी या हातातून त्या हातात करत फूम उभा होता.

"करार वाढला. दोन वर्षं."

"कळलं मला. फार... फार बरं वाटलं."

"आणि तुमचं?"

"ठेवलंय मला. पण चाळीसही तक्ते पुन्हा भरायचे, पूर्ण तास बसून. तिघांनी आत्ताच बोलणं टाकलंय. जिन्यात मला पाहिलं की त्यांना एकदम फोन येतो."

"सोमवारी कुणाचा वर्ग?"

"आचान प्रासेत."

"इमारत ठाऊक आहे ना? का परत माझ्याच..."

ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "रागावला होतात ना?"

"होतो. दोन दिवस. मग काल करारावर सही करायला गेलो, तेव्हा आचान विलाईंनी तुमचं लेखी दाखवलं. त्याच्या मागेच ते पान होतं." त्याने पिशवी फाटकाच्या खांबावर ठेवली. "निवांत वाचलं. खोडलेलंसुद्धा."

"खोडलं होतं ना मी ते!"

"एकच रेघ होती, ख्वान. खरंच खोडायचं असतं तर माणूस गिरबटून टाकतं."

ख्वान – नुसतं ख्वान! तिने खाली पाहिलं, रताळ्यांच्या वाफेकडे. मग मान वर केली. सहा वर्षं ती सगळ्यांचं खरं हळूच सांगत आली होती. स्वतःचं एकदाही नाही.

"ते शिकवण्याबद्दल नव्हतं म्हणून खोडलं," ती म्हणाली. "खोटं होतं म्हणून नाही."

फूमच्या गालाला ती खळी पडली. अगदी सावकाश, जणू तिला कसली घाई नव्हती.

"हे लेखी मिळेल?"

"तोंडी चालवून घ्या. लेखीमुळे काय झालं ते पाहिलंत ना?"

"आई, कोण आलंय?" बैतोंग एका पायात चप्पल घालून लंगडत बाहेर आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू जेवलास?"

"नाही."

"मग आत ये ना. बाहेर काय उभा राहिलास?"

तो आत आला. जमिनीवर मांडी घालून बसला. रताळ्याचं साल एकसंध काढायची शर्यत लागली, त्यात तो दोनदा हरला, एकदा मुद्दाम आणि एकदा खराखुरा. ख्वान मिरचीची चटणी वाटत होती. खलबत्त्याच्या आवाजातून दोघांच्या भांडणाचे तुकडे तिच्या कानी येत होते. तिला मध्येच हात थांबवून नुसतं ऐकत राहावंसं वाटत होतं.

उन्हं तळ्यावर कलली तसा तो उठला. फाटकाशी बुटांत पाय सरकवत म्हणाला, "उद्या येतो." ते तो बैतोंगला म्हणाला. पाहिलं मात्र ख्वानकडे.

तो वळणाआड जाईपर्यंत दोघी फाटकाशी उभ्या होत्या. बैतोंगच्या गालाला रताळं लागलं होतं. ख्वान पदराने पुसावं तसं आपल्या बाहीने ते पुसू लागली.

"आई, तो उद्या येणार?"

"म्हणाला तर आहे."

"आणि परवा?"

"परवापण येईल बहुतेक."

बैतोंगने रस्त्याकडे पाहिलं. आपले दुधाचे दात जिभेने चाचपले आणि आईची बाही गालावरून बाजूला केली.

"आणि मला मोठे दात आल्यावर?"