आखूड पायाची फुली

"खोकल्याचं औषध आणायला गेलेल्या माणसाची गोष्ट आहे," काका म्हणाले. "दिवा लावू नका. अंधारात खोटं बोलवत नाही."

नव्या सूनबाईंना हे उलटंच वाटलं. पण लग्नाला अजून दोन महिनेही झाले नव्हते, म्हणून त्या गप्प बसल्या. पुतण्या कसला गप्प बसतोय!

"काका, मागच्या वेळच्या भुताला चष्मा होता."

"हे भूत माझ्या ओळखीचं आहे. ऐक मुकाट्यानं."

काकांनी अठ्ठावीस वर्षं दगडाच्या वर्कशॉपमध्ये पॉलिश केलं. बागेतले सिंह, कारंजी, वेलबुट्टीच्या कुंड्या, सगळं हातानं कोरलेलं. वस्ताद होते तोवर तिथे एक नेम होता. नवा दगड आला की ते हातोडीच्या पाठीनं तीनदा ठोकायचे. खणखणीत वाजला तर आत. बद्द वाजला, तर पोटात चीर आहे समजायचं. लाल खडूनं फुली, आणि भिंतीमागे. त्याला पुन्हा कुणी छिन्नी लावायची नाही. वस्तादांच्या अंगठ्याचं पेर कधीतरी दगडाखाली गेलं होतं. त्यामुळे खडू निसटायचा, फुलीचा एक पाय आखूड राहायचा आणि टोकाशी वर वळायचा. सगळ्यांनी नक्कल करून पाहिली. जमली कुणालाच नाही.

वस्ताद छातीत दगडाची भुकटी बसून गेले. मागे राहिला त्यांचा जावई. हात सासऱ्याच्या तोडीचा, पण घाईचा. त्यालाही खोकला लागलेलाच.

"तोंडाला फडकं बांधत जा हो," बायको म्हणायची.

"फडकं बांधलं की सिंहाच्या मिशा दिसत नाहीत."

"मिशा नाकानं कोरता का तुम्ही?"

तो हसायचा, आणि हसता हसता खोकायचा. बाप तसाच गेलेला तिनं पाहिला होता. ती हसायची नाही.

एका बंगल्याच्या फाटकासाठी सिंहांची जोडी करायची होती. एक झाला, आणि दुसऱ्याला दगड उरला नाही. जावयानं भिंतीमागचा एक ओढून आणला आणि ओल्या बोळ्यानं सासऱ्याची फुली पुसून टाकली.

"अरे, बद्द आहे तो," काका म्हणाले.

"काका, सिंहाला काय गाणं म्हणायचंय?"

पुढे मानेवर चीर उघडी पडली. त्यानं तिच्यात दगडाची पूड आणि चिकटवायचा मसाला दाबून भरला. काकांनी वरून पॉलिश मारलं. हो, काकांनीच.

तर, शुक्रवार, सोळा तारीख, रात्रीचे पावणेबारा. औषधाची बाटली खिशात घालून जावई चौकातून परत निघाला होता. वाटेत आठवलं, मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडंच राहिलंय. सकाळपर्यंत त्याचाच दगड होईल. दोन मिनिटांचं काम. त्यानं कुलूप काढलं. आत वीज नव्हती. मोबाइलच्या उजेडात डबा सापडला. झाकण लावलं.

टण्. टण्. टण्.

मागच्या रांगेतून. मग थोडं अलीकडे. पुन्हा तीनदा.

"काका? चेष्टा पुरे हं. वय काय तुमचं!"

दगडामागून दगड. प्रत्येकाला तीन. घाई नाही. सगळे खणखणीत.

मग सिंह.

बद्द.

त्यानं उजेड तिकडे वळवला. सिंहापाशी कुणी नव्हतं. जमिनीवर भुकटीचा थर होता. त्यावर पावलं होती… फक्त त्याची.

टेबलावर तीनदा. दाराच्या चौकटीवर तीनदा. मग थांबलं.

खोकला आला. त्यानं तोंडावर हात दाबला.

पाठीवर काहीतरी टेकलं. थंड. हलकं.

एक.

दोन.

तीन.

आवाज त्यानं ऐकला…

"बद्द?" सूनबाईंच्या तोंडून निघून गेलं.

काकांनी मान हलवली.

तो घरी पोचला तेव्हा औषधाची बाटली फुटून खिसा चिकट झाला होता. बायकोनं सदरा उतरवला. उलटा केला. आणि पाठीची बाजू दिव्याखाली धरली.

सोमवारी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. बराच वेळ धरला. मग बाहेरचं दार लावून घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी ती काकांच्या दारात उभी. हातात सदरा. पाठीवर लाल फुली.

"काका, तुम्हीच होतात ना त्या रात्री? चेष्टा केलीत ना? मी रागावणार नाही. नुसतं हो म्हणा."

काका त्या रात्री घरात झोपलेले होते. पण ते तोंड बघून माणूस दुसरं काय म्हणणार?

"हो, पोरी. मीच."

"मग काढून दाखवा." तिनं लाल खडूही आणला होता.

काकांनी फरशीवर फुली काढली. दोन्ही पाय सारखे. पुन्हा काढली. अंगठा दुमडून काढली. ती बघत राहिली. मग तळहातानं तिन्ही पुसल्या, हळूच, कुणाला लागू नये अशा बेतानं.

"राहू द्या, काका."

"आणि जावई?" पुतण्यानं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

"चौदा महिने."

कुणी दिवा लावायला उठलं नाही.

"सदरा आहे अजून तिच्याकडे," काका म्हणाले. "परवाच दाखवला. कितीदा धुतला असेल, देव जाणे. कापड विरलंय. फुली तशीच आहे… एक पाय आखूड. टोकाशी वर वळलेला."