नकाशातला सूर्य

भूगोलाच्या मास्तरांबद्दल डॉ. शलाका बोरवणकर यांचं मत पक्कं होतं: गाढवापुढे वाचली गीता हे खरं, पण इथे वाचणाराही गाढवच. प्रयोगशाळेच्या पडद्यावर सातवीतल्या मृण्मयीचा मेंदू उजळत होता आणि बाई समाधानाने नाक मुरडत होत्या.

"उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिल्यास समोर पूर्व. पिढ्यानपिढ्या घोकताहेत. वर्गाबाहेर नेऊन एकाला तरी पूर्व दाखवायला सांगा."

त्यांचा 'अनुभवपाठ' घोकावा लागत नसे. वाचणाऱ्याची नजर कुठे अडखळते ते पाहून मजकूर क्षणोक्षणी बदले, आणि मेंदूतल्या स्थलपेशी, म्हणजे आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशी, त्या जागी चालून आल्यासारख्या जुळत. जलविभाजकाची व्याख्या मुलं पाठ करत नव्हती. डोंगराच्या धारेवरून एक ओहोळ पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला जाताना पाहिल्याची त्यांना आठवणच होती.

मेंदूतज्ज्ञ डॉ. टिळेकर मात्र कुरकुरत. "वाचलेल्यावर माणूस शंका घेतो, मॅडम. पाहिलेल्यावर घेत नाही. पाठात चूक निघाली तर खोडणार कशी?"

"चुका मास्तर करतात. माझा मजकूर यंत्र लिहितं, नकाशावरून. आणि त्यातली ओळन् ओळ मी स्वतः वाचलीय."

शिक्षण खात्याच्या मान्यतेसाठी एकच चाचणी उरली होती. पाठ वाचलेल्या मुलांना सह्याद्रीच्या त्याच धारेवर न्यायचं आणि त्यांनी कुणी न सांगता पूर्वेच्या गावात उतरायचं. पश्चिमेला थेट कोकणात कोसळणारा कडा होता. थंडीतली सकाळ होती, आणि दाट धुक्यात सूर्याचा नुसता फिकट ठिपका दिसत होता.

मुलं जराही अडखळली नाहीत. सूर्याकडे पाठ फिरवून सगळी चालू लागली, बाई ऐटीत पुढे. टिळेकरांनी होकायंत्र काढलं आणि ओरडून सगळ्यांना थांबवलं. रांग पश्चिमेला चालली होती.

"तुमचं होकायंत्र भंगारात द्या," बाई म्हणाल्या. "या धारेवर ऊन वायव्येकडूनच येतं."

स्वतःचंच वाक्य त्यांना खटकलं. नकाशात डोंगरांचा उठाव दिसावा म्हणून छाया रंगवतात, आणि उजेड वायव्येकडून येतो असं धरतात. नकाशाकारांचा हा जुना संकेत त्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. यंत्राने त्या छाया खऱ्या मानल्या आणि पाठात ऊन वायव्येकडून पाडलं, म्हणजे मुलांच्या लेखी सूर्याकडे पाठ केली की पूर्वेचं गाव. खरा सूर्य आग्नेयेला होता, नेमका उलट. बाईंच्या पायाखालून एक दगड निसटून धुक्यात गेला. तो खाली पडल्याचा आवाज आला नाही.

चूक त्यांना लख्ख कळली, पण तो मजकूर त्यांनीही वाचला होता; पाय वळेनात. कडा मागेच आहे, असं सारं अंग सांगत होतं. त्यांना भयंकर लाज वाटली, तरीही पाय वळेनात.

"सर, सूर्याच्या बाजूला दरी आहे," मृण्मयी रडवेली होऊन म्हणाली. "आम्ही पाहिलीय."

टिळेकर हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आता पटवून उपयोग नाही. यांना न पटताही म्हणता येईल असं काहीतरी द्या."

बाईंना असलं एकच वाक्य येत होतं. त्यांनी मुलांना हात धरायला लावले, त्या फिकट ठिपक्याकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. मुलांनी लगेच वर्गातला हेल धरला. प्रत्येक पावलाला कड्यावरून पडल्यासारखं वाटत होतं, तरी रांग गावाकडे उतरू लागली.

"उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिल्यास समोर पूर्व..."

सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता.